शिवथरघळीत लिहून घेणारा

आम्ही शेतकरी माणूस, शिक्षण चौथी. समर्थांवर बोलायला सांगितलंत, तर आपल्या महाड तालुक्यातल्या शिवथरघळीचंच सांगतो. कुणी म्हणेल, वारकऱ्यांत रामदासी कशाला? अहो, घळ आपल्या शेजारची, आणि वारकऱ्याचं मन एवढं अरुंद नसतं.

पावसाळ्यात तिथं धबधबा असा कोसळतो की बाजूच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथंच समर्थांनी दासबोध सांगितला नि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही जागा शोधून काढली. ग्रंथाचे २० दशक, २०० समास. त्यातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास नुसता अक्षर कसं काढावं यावर आहे. आम्ही तो ऐकला आणि गप्प बसलो.

कारण आमच्या दिंडीचे जुने कीर्तनकार गेले, त्यांचे दृष्टांत कुणी उतरून घेतले नव्हते. आम्हाला जेमतेम सात-आठ येतात. आता लावणी आटपली की रात्री नातीला समोर बसवतो. आम्ही सांगतो, ती वहीत लिहिते. परवा एक दृष्टांत आम्ही उलटा सांगितला, तर पोरीनं मागलं पान काढून आम्हालाच थांबवलं.