आंबवण आणि अंगकांति

डहाणू-तलासरीच्या बाजूस चैत्रांत मोहाचीं फुलें गळूं लागलीं कीं वारली पाड्यांवरील बायकामुलें पहाटेच टोपल्या घेऊन झाडांखालीं जातात. तीं फुलें वाळवून, भिजवून आंबविलीं म्हणजे त्यांपासून मद्य होतें. ताडाचा गोड रसही उन्हें चढेपर्यंत आंबून त्याची ताडी बनते. हें सारें सूक्ष्म जंतूंचें काम होय. तेव्हां शहरांतील दुकानांत आंबविलेल्या सोयाबीनचा अर्क घातलेली मलमाची डबी दिसली, तर तिच्यामागील विद्या अगदींच परकी मानण्याचें कारण नाहीं.

सोयाबीनच्या दाण्यांत आयसोफ्लेवोन नांवाचीं द्रव्यें असतात. परंतु तीं बहुतांशीं शर्करेशीं जखडलेलीं असतात. जपानांत मिसो करितांना वापरली जाणारी ‘कोजी’ बुरशी ही बेडी तोडते, आणि जेनिस्टीन, डेडझीन हीं द्रव्यें मोकळीं होतात. नाट्टो या दुसऱ्या पदार्थांतील चिकट तार पाणी धरून ठेवते. म्हणून तिचा उपयोग त्वचा ओलसर राखण्याकडे होतो. कोजीवरूनच १९०७ सालीं साइतो या जपानी शास्त्रज्ञास कोजिक आम्ल सांपडलें. तें त्वचेंतील मेलॅनिन या रंगद्रव्याची निर्मिति मंदावितें.

सावधगिरीची जागा येथेंच आहे. कोरडी त्वचा मऊ व्हावी, ही अपेक्षा रास्त. वर्ण पालटावा, ही नव्हे. सोयाबीन कित्येकांस बाधतें, म्हणून असें मलम प्रथम दंडाच्या आंतील बाजूस थोडेसें लावून दोन दिवस वाट पाहावी. घरीं आंबविलेलें पीठ तर चेहऱ्यास लावूंच नये. त्यांत हितकर जंतूंबरोबर अहितकरही वाढतात.

पाड्यांवर आंबवण आणि अंगकांति हीं एकाच झाडाखालीं, पण निरनिराळीं नांदतात. मोहाचें फूल आंबवितात. त्याचें बीं मात्र घाणीवर गाळितात. तें तेल थंडींत थिजतें, आणि चिखलांत भातलावणी करून भेगाळलेल्या टाचांना चोळतात. त्यांत रंग उजळण्याची आशा नसते. दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभें राहतां यावें, एवढाच हेतु असतो.

सावळ्या मुलीसाठीं डबी आणणाऱ्या आईनें हें ध्यानीं घ्यावें. जें मेलॅनिन पुसण्यासाठीं एवढा खर्च होतो, तेंच तिच्या लेकीचें उन्हापासून रक्षण करीत असतें. डबी आणावयाचीच असेल तर ती कोरड्या त्वचेसाठीं आणावी. आणि ती कां आणली, हें मुलीस स्पष्ट सांगावें.