मावेली स्टोअरचा हिशेब



केरळमध्ये सरकारचं किराणा दुकान आहे. नाव, मावेली स्टोअर.
ओणमला प्रजेला भेटायला येणाऱ्या महाबली राजाचं हे नाव!

ही दुकानं 'सप्लायको' चालवते.
सप्लायको म्हणजे राज्याचं नागरी पुरवठा महामंडळ. स्थापना १९७४ सालची.

इथे १३ जिन्नस सवलतीत मिळतात. मूग, उडीद, तूरडाळ, मिरची, साखर...
आणि खोबरेल! तिकडे फोडणी त्यातच पडते.

आता हिशेब पाहू या.
महामंडळ माल बाजारातून घेतं. गिऱ्हाइकाला स्वस्तात देतं.
मधला फरक सरकारने भरायचा.

तो वेळेवर आला नाही, की व्यापाऱ्यांची बिलं थकतात.
मग माल येत नाही.
२०२३च्या सुमारास हेच झालं. सवलतीच्या मालाच्या फळ्या रिकाम्या दिसू लागल्या.

कारण साधं होतं.
सवलतीचे भाव २०१६ पासून तेच होते.
बाजार मात्र चढत गेला. फरक वाढत गेला.

अखेर २०२४ मध्ये नियम बदलला.
ठरावीक भाव गेले. बाजारभावावर ३५ टक्के सवलत आली.

म्हणजे, श्रोतेहो, गिऱ्हाइकाला जास्त पैसे मोजावे लागले.
पण मधला फरक अजूनही सरकारच भरतं.