वाघाशिवायची सर्कस



गावात सर्कस आली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘वाघ आहेत का?’ आज या प्रश्नाचं उत्तर ‘नाहीत’ असं आहे. वाघ नाहीत, सिंह नाहीत, अस्वलं नाहीत, हत्तीही नाहीत. मग त्यात बघायचं काय राहिलं, असं पुष्कळजण विचारतात. आज याच प्रश्नाचा थोडा विचार करू या. त्याचं उत्तर आपल्याला आपल्याच मुलखात शोधता येतं.

आपल्या खंडाळ्याहून खंबाटकीचा घाट ओलांडला की कृष्णेचं खोरं लागतं. हीच कृष्णा पुढे कऱ्हाडावरून सांगलीकडे जाते. तिच्या काठावर, पलूस तालुक्यात, अंकलखोप नावाचं गाव आहे. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे इथले. पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी ते घोड्यांचे शिक्षक होते. मुंबईत त्यांनी चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस पाहिली. ‘हिंदी माणसाला हे जमायला अजून बराच काळ लागेल’ अशा अर्थाचं काहीसं चिआरिनी बोलला आणि ते विष्णुपंतांच्या जिव्हारी लागलं, असं सांगतात. १८८० साली त्यांनी मुंबईत स्वतःच्या सर्कशीचा खेळ करून दाखवला. पुढे ही सर्कस केरळात तलश्शेरीला गेली. तिथले व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन यांनी त्यातून प्रेरणा घेऊन १९०१ साली सर्कशीचं शिक्षण देणारी शाळा काढली. देशभरातल्या तंबूंना कसरतपटू पुरवणारी केरळची परंपरा अशी सुरू झाली. इकडे म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची अशा मराठी सर्कशी निघाल्या.

विष्णुपंतांची आणखी एक ओळख आहे. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँसाहेबांकडे ते गाणं शिकले होते. खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमतखाँ हलाखीत होते, तेव्हा विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणलं, सांभाळलं. सर्कशीच्या दौऱ्यांत ‘भूगंधर्व’ रहिमतखाँ बरोबर असत आणि गावोगावच्या रसिकांना त्यांचं गाणं ऐकायला मिळे. सर्कस आणि अभिजात गाणं एकाच बिऱ्हाडात राहात होतं, हे आज सांगितलं तर खरं वाटत नाही.

आता प्राण्यांकडे वळू. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या घोडदळातल्या माणसानं ज्या खेळांना सुरुवात केली, ते घोडेस्वारीचे होते. पाठोपाठ त्यात डोंबाऱ्यांसारखे कसरतपटू आले, विदूषक आला, वाद्यं आली. वाघसिंहांचे पिंजरे आले ते फार नंतर. म्हणजे वाघ सर्कशीच्या मुळाशी नव्हता. नंतर मात्र तो इतका मोठा झाला, की झुल्यावरचा माणूस त्याच्यामागे झाकला गेला.

जळत्या कड्यातून उडी मारणं हा वाघाचा स्वभाव नव्हे. चाबकाचा धाक आणि जन्मभराची कोंडी यांतून ती उडी येत असे. केंद्र सरकारनं १९९८ साली अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयानं २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली ही बंदी कायम ठेवली. २०१३ साली सर्कशीतल्या हत्तींवरही बंदी आली. अनेक तंबू कायमचे उतरले, हे खरं आहे. प्राण्यांना वाढवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांची रोजीरोटी गेली, तेही दुःख खरं आहे.

पण जगात याच काळात दुसरं काही घडत होतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९८४ साली रस्त्यावर खेळ करणाऱ्या कलावंतांनी ‘सर्क द्यु सोलेय’ ही मंडळी उभी केली. तिच्यात वन्य प्राणी नव्हते. एक कथा, त्या कथेतली पात्रं, त्यांची वेशभूषा आणि रंगमंचावर प्रत्यक्ष वाजणारं संगीत असा तिचा थाट. अमेरिकेतल्या प्रसिद्ध रिंगलिंग सर्कशीनं २०१७ साली मुक्काम हलवला आणि २०२३ साली ती परत आली, तीही प्राण्यांशिवाय.

प्रत्यक्ष वाजणाऱ्या संगीताचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. तबकडीवरचं संगीत कुणासाठी थांबत नाही. झुल्यावरच्या माणसाचा झोका मात्र कधी क्षणभर चुकतो. तेव्हा नजर वर लावून बसलेला वादक तेच आवर्तन पुन्हा घेतो आणि हात हातात पडला की सम देतो. लावणीतला ढोलकीवाला नर्तकीच्या पावलाला हेच करतो. दोरीवरच्या डोंबाऱ्याच्या पोराखाली ढोल वाजतो, तोही पोटासाठी गर्दी जमवता जमवता त्या पोराचा तोल सांभाळत असतो.

कथेचंही तसंच. माणूस उंचावरून उडी मारतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. पण तो कुणापासून पळतोय, पलीकडे त्याची कोण वाट पाहतंय, हे कळलं की तीच उडी आपल्या काळजाला भिडते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीतच. नाटक, गाणं, सर्कस, तिन्ही कृष्णाकाठी होतं. तिन्ही एका रिंगणात मात्र आपण कधी आणलं नाही.

आणि कसरतीचं काय? आपला मल्लखांब आहे. २०१८ साली ‘सर्क द्यु सोलेय’चा ‘बझार’ हा खेळ जगात सर्वप्रथम मुंबईत झाला, त्यात मल्लखांब होता. परदेशी मंडळींनी आपल्या खांबाला मानाचं पान वाढलं. पण आपल्या शाळांतून, तालमींतून वर्षानुवर्षं मल्लखांब करणारी मुलं-मुली पदकं घेऊन घरी येतात आणि वयात आली की खांब सोडतात. कारण त्या कलेवर पोट भरेल असं ठिकाण आपल्याकडे जवळजवळ नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली. योग्यच केलं. पण त्याचा अर्थ असा, की आता कसरतपटू तंबूत घडणार नाही. तो शाळेत घडला पाहिजे. फ्रान्समध्ये शालों गावी १९८५ पासून सर्कसकलेची राष्ट्रीय संस्था चालते. तलश्शेरीला २०१० साली असा प्रयत्न झाला, तो टिकला नाही. आपल्या रॅम्बो सर्कशीनं २०२० च्या टाळेबंदीत तंबू बंद असताना पडद्यावर खेळ विकून तग धरली. अशी जिद्द किती दिवस एकट्यानं चालवायची?

सर्कस ही कला मानली, नाटकाला मिळतो तसा तिला आधार दिला, मल्लखांबपटू, वादक आणि नाटकवाले एकत्र बसवले, तर वेगळं दृश्य दिसेल. आठवडी बाजारात दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगीही मग शाळा शिकून, वयात आल्यावर, भीक न मागता त्याच दोरीवर मानानं चालेल. ‘वाघ आहेत का?’ असं विचारणाऱ्या पोराला तेव्हा सांगता येईल, ‘नाहीत रे, पण माणसं आहेत. चल, बघून तर ये!’