चामखिळीला चामखीळच म्हणू या

त्वचा आणि गुप्तरोगतज्ज्ञांच्या या अधिवेशनात आपल्या शाखेच्या नावातल्या 'गुप्त' या शब्दाबद्दलच मला बोलायचं आहे. हातावरची चामखीळ माणूस चारचौघांत दाखवतो. तीच जननेंद्रियावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी उगवली, की चुना लावतो, हातापायांच्या चामखिळीचं औषध लावतो आणि कातडी सोलवटली की मग आपल्याकडे येतो. हा उशीर 'कुणाकडून आलं?' या प्रश्नाच्या धास्तीने होतो. आणि त्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर आपल्याकडेही नसतं. अशा दहांतल्या नऊ चामखिळी एचपीव्ही विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतात. संसर्गानंतर त्या दिसायला काही आठवडे, कित्येक महिने, कधी वर्षंही जातात. आज दिसलेल्या चामखिळीवरून कालचा बाहेरख्यालीपणा सिद्ध होत नाही. मग जोडीदाराला सांगूच नये का, असं कुणी विचारेल. सांगायलाच हवं, एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही हवी. पण ज्याला आपण आरोपी केलं, तो जोडीदाराला घेऊन पुन्हा येत नाही.

'परत उगवतातच, मग उपचार कशाला?' हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. द्रवरूप नायट्रोजनने गोठवा, कॉटरीने जाळा, ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल लावा किंवा घरी लावायला इमिक्विमॉड द्या. चामखीळ जाते, विषाणू मात्र भोवतालच्या कातडीत राहू शकतो. हे पहिल्याच भेटीत सांगितलं, तर रुग्ण दुसऱ्या खेपेला खचत नाही, आणि बहुतेकांची प्रतिकारशक्ती पुढे विषाणूला आवरते.

खरा उपाय मात्र याच्या कितीतरी आधीचा आहे. ऑस्ट्रेलियाने 2007 मध्ये मुलींना एचपीव्हीच्या चार प्रकारांवरची लस द्यायला सुरुवात केली. तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, त्याच देशात जन्मलेल्या 21 वर्षांखालील स्त्रियांमध्ये चामखिळींचं प्रमाण 11.5 टक्के होतं. 2011 मध्ये ते 0.85 वर आलं. मुलग्यांना तेव्हा या मोहिमेत लस नव्हती, तरी तरुण पुरुषांमध्येही ते घसरलं. 6, 11, 16 आणि 18 याच चार प्रकारांवरची सर्व्हावॅक ही लस पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने केली, 2022 मध्ये तिला मान्यता मिळाली. पालकांशी बोलताना आपण गर्भाशयमुखाच्या कर्करोगापाशी थांबतो, म्हणजे 16 आणि 18 पुरतंच बोलतो. उरलेल्या दोन प्रकारांबद्दल मुलाच्या आईवडिलांशी, साध्या मराठीत, कसं बोलायचं, यावर या सभागृहात मोकळी चर्चा व्हावी, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.