बाटली ओळखू नका, लेबल वाचा

वलगावहून बोलतेय. आजचा भाग नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरापोरींसाठी.

३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हॅण्ड सॅनिटायझर पाजलं गेलं. सगळ्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. लेकरं वाचली.

नावं ठेवणं सोपं आहे. पण बूथवर आपण असतो तर? समोर रांग, पोरं रडताहेत, आणि हात सवयीनं बाटली उचलतो.

पोलिओच्या कुपीवर एक गोल असतो, त्यात एक चौकोन. कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलापेक्षा फिकट असेल तरच लस द्यायची, नाहीतर कुपी बाद. हे पाहायला कुपी डोळ्यांसमोर धरावीच लागते. सॅनिटायझरच्या बाटलीवर असा चौकोन कुठून येणार?

वॉर्डातही तेच. इन्सुलिनच्या एका मिलीत ४० युनिट आहेत की १००? १००च्या कुपीतून ४०च्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरलं, तर पेशंटला ५० युनिट जातात. अडीचपट! साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकतं.

म्हणून लेबल तीनदा वाचा: औषध उचलताना, भरताना आणि देण्याआधी. शंका आली तर सिस्टरला बिनधास्त विचारा. ओरडा बसला तरी चालते.

भेटू पुढच्या भागात.