पिशव्या कोण सांभाळणार?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. म्हणून आज आम्ही तुम्हाला आमच्या गटाची 2017 सालची सहल सांगणार आहोत. गटातल्या बारा जणी, घरची माणसं, पोरंबाळं, मिळून एक एसटी भरली होती.

जायचं होतं एस्सेलवर्ल्डला. मुंबईत बोरिवलीजवळ गोराईची खाडी आहे, तिच्या पलीकडे हे पार्क. 1989 साली सुरू झालेलं. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी लहानपणी टीव्हीवर त्याची जाहिरात पाहिलेली. तेव्हापासून मनात होतं, पण माहेरी जमलं नाही आणि सासरी विचारायची सोय नव्हती.

आधी पैशाचं सांगतो. नेहमीची बचत वेगळी ठेवली. सहलीसाठी एक डबा केला आणि प्रत्येकीने महिन्याला दीडशे रुपये टाकले. दहा महिन्यांत 18,000 जमले. बाकीची भर घरच्यांनी घातली. एकीने सुचवलं होतं, गटातून कर्ज काढू या. आम्ही नको म्हटलं. कर्ज बियाण्याला, दवाखान्याला, पोरांच्या फीला. पाळण्यात एक दिवस बसायचं आणि वर्षभर व्याज भरायचं, हे काही बरं नाही.

रात्री निघालो ते सकाळी खाडीवर. आम्ही घाटावरची माणसं, पाणी म्हणजे विहीर नाहीतर बंधारा. ओहोटी होती. दोन्ही काठांना काळा चिखल आणि तिवरांची झाडं. पोरं विचारायला लागली, "समुद्र कुठाय?" मग बोट सुटली, वारा लागला, पलीकडे विपश्यनेच्या पॅगोड्याचा सोन्यासारखा घुमट दिसला, आणि सगळ्या गप्प झाल्या. आमच्या आक्कांनी, वय साठीच्या पुढे, पाण्याला हात जोडले.

आत गेलो. एकदा तिकीट काढलं की बहुतेक पाळणे त्यातच. घोड्यांचं चक्र, एकमेकांवर आदळणाऱ्या मोटारी, पोटात गोळा आणणारी उंच गाडी. पोरं पळाली, त्यांच्यामागे बापे पळाले. आणि आम्ही? झाडाखाली सतरंजी टाकली, भोवती पिशव्या, डबे, चपला, एकीच्या मांडीवर झोपलेलं बाळ. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआपच बसलो.

साडेबारा वाजले तरी तिथेच. तेव्हा आक्का म्हणाल्या, "अगं, आपलं तिकीट अर्धं होतं का पूर्ण?"

आम्ही म्हटलं, "पूर्ण."

"मग पूर्ण पैसे भरून पिशव्या राखायला एवढ्या लांब आलो का? ते तर घरीही करतोच."

आधी हसलो, मग कुणालाच हसू येईना. दहा महिने डब्यात पैसे टाकले होते ते आम्हीच.

जेवायला सगळे जमले तेव्हा आम्ही वही काढली. बैठकीत करतो तशा पाळ्या लावल्या. अर्ध्या तासाला दोघं जण पिशव्यांपाशी, त्यात बापेही. एक भाऊजी म्हणाले, "बाळ रडलं तर?" त्यांची बायको काही बोलली नाही. ती सासूकडे बघत होती. सासूबाईच म्हणाल्या, "रडलं तर घ्यायचं खांद्यावर. तुझंच आहे ना? जा गं सूनबाई, मी बसते याच्यासोबत. माझी पाळी झाली की मला त्या घोड्यावर बसव."

त्या दिवशी सासू-सून दोघी घोड्यांच्या चक्रात बसल्या. आक्का मोटारीत बसून सरपंचांच्या गाडीवर तीनदा आदळल्या. बाळ रडलं, आणि बापाने उगी केलं.

घरी आल्यावर सगळं बदललं असं आम्ही सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी चूल आमचीच होती. पण एक झालं. आता लग्न असो, जत्रा असो, आम्ही आधी विचारतो, "पिशव्यांची पाळी कुणाची?" आणि बापे हसत का होईना, उत्तर देतात.

तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. मुलांचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वयावर नसतं, उंचीवर असतं. आधी फोन करून विचारा. पदर नीट खोचा, नाहीतर ड्रेस घाला. गरोदर बाईने, आणि हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असलेल्यांनी जोराच्या पाळण्यात बसू नये. आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.

ते जुन्या पाळण्यांचं पार्क आता बंद झालं आहे. वाईट वाटतं. पण पाळणे दुसरीकडेही आहेत, जत्रेतही आहेत. पुढच्या बैठकीत एक डबा ठेवा, आणि सोबत पाळ्यांची वहीही ठेवा. पैसे साठवणाऱ्या बाईने पाळण्यातही बसावं, एवढंच आमचं म्हणणं.