बालकांचा मूत्रविकार व औषधाचा विवेक

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



उत्सवाच्या या मंगल प्रसंगीं लघवीच्या रोगाविषयीं बोलणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या विकाराचें नांव घेण्यास आईबाप लाजतात, तोच मुलांच्या मूत्रपिंडांस नकळत इजा करितो. म्हणून बोलणें प्राप्त आहे.

मूत्रमार्गांत शिरणारे जंतु बहुधा आपल्याच आंतड्यांतले असतात; त्यांत ई. कोलाय हा मुख्य. मोठें मूल लघवी करितांना आग होते म्हणून सांगतें. तान्हें काय सांगणार? त्यास ताप येतो, तें दूध टाकतें, ओकतें, किरकिर करितें. आपल्या देशांत अशा वेळीं हिवताप, डेंगी, विषमज्वर हींच नांवें प्रथम आठवतात. लघवीचें स्मरण कोणास होत नाहीं. मग मागच्या आजारांतलें उरलेलें अँटिबायोटिक दोन दिवस पाजलें जातें, व ताप उतरतांच बंद होतें.

यांत दुहेरी हानि आहे. औषध आधीं पोटांत गेलें म्हणजे तपासणींत जंतु सांपडतीलच असें नाहीं. रोगाचा पुरावा जातो, रोग मात्र राहूं शकतो. तो मूत्रपिंडांत पोहोंचल्यास कधीं कधीं तेथें कायमचे वण उरतात व पुढें रक्तदाब वाढण्याचें भय असतें. दुसरी हानि साऱ्या समाजाची. अपुऱ्या मात्रेनें जंतु औषधास जुमानीनासे होतात, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालींच दिला होता. अँपिसिलिन व कोट्रायमोक्साझोल हीं स्वस्त औषधें आज आपल्याकडे ई. कोलायवर पुष्कळदां निष्फळ ठरतात. मग महागड्या सुयांचा भार गरिबाच्या संसारावर पडतो.

तथापि तपासणीच्या नांवाखालीं विलंबही नको. कल्चरचा निकाल येण्यास एक-दोन दिवस लागतात. तापानें फणफणलेल्या तान्ह्यास तोंवर ताटकळत ठेवूं नये. प्रथम लघवी स्वच्छ बाटलींत घ्यावी, लागलीच डॉक्टरांनीं औषध सुरू करावें, व निकाल पाहून जरूर तर तें बदलावें. जेथें कल्चरची सोय नाहीं, तेथें तपासणीची कागदी पट्टी किंवा सूक्ष्मदर्शक यंत्रही बरीच वाट दाखवितें.

मातांनो, औषधाच्या पाकिटावरील तांबडी रेघ ओळखा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून तें घेऊं नये, असा तिचा अर्थ आहे. सांगितले तितके दिवस औषध पुरें करा. आणि मुलाच्या तापाचें कारण दिसत नसेल, तर औषधाच्या पहिल्या चमच्याआधीं लघवी तपासावयाची काय, असें डॉक्टरांस निःसंकोच विचारा. या एका प्रश्नानें एखाद्या बालकाचीं मूत्रपिंडें वांचतील.